कुंपणाच्या रेषेवर बसलेली माणसं

पेठच्या त्या सभागृहात तीन दिवसांत ४३ माणसं आली. अभिप्रायवहीत सह्या आहेत, म्हणून आकडा पक्का सांगता येतो. त्यातली १९ शाळेतली मुलं, शिक्षकांनी रांगेने आणलेली. बाकीची बहुतेक कचेऱ्यांतली आणि नाशिकहून माझ्या शब्दाखातर आलेली. ज्यांच्या जगण्यावर हे प्रदर्शन होतं आणि ज्यांच्यासाठी पुढे कलासंग्रहालयाची इमारत बांधायची होती, त्यांच्यातले पाच जण आले. पाचही साठीच्या पुढचे.

महिना जानेवारीचा, साल २०१८. प्रदर्शनाचं नाव आम्ही ‘जगायला गेलेल्यांचं घर’ असं ठेवलं होतं, आणि जानेवारीत पेठ तालुक्यातली हातीपायी धड माणसं जगायलाच गेलेली असतात. हे तिथल्या कुठल्याही शाळकरी पोराने सांगितलं असतं. मी कुणाला विचारलं नाही. हवा छान असते, नाशिकच्या पाहुण्यांना सावळ घाटातून यायला बरं पडतं, एवढं पाहून मी तारीख ठरवली.

‘जगायला जाणं’ म्हणजे काय, हे ज्यांनी पेठ, सुरगाणा, हरसूलचा पट्टा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पेठ हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा तालुका, पलीकडे गुजरातचं धरमपूर. २०११ च्या जनगणनेत इथे दर शंभर माणसांत नव्वदहून अधिक आदिवासी नोंदले गेले: कोकणा, महादेव कोळी, वारली. पावसाळ्यात इथे पाऊस कोसळतो आणि उतारावरून गुजरातकडे निघून जातो. भात, नागली, वरई, उडीद एवढं पावसावर होतं. दिवाळीपर्यंत खळं आवरतं आणि मग कामही संपतं, पाणीही ओसरायला लागतं. घरं बंद होतात. काही माणसं वापी-वलसाडकडे जातात, काही वीटभट्ट्यांवर, आणि पुष्कळशी गिरणारे, दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, देशाने २००५ साली. तरी दिवाळीनंतर पेठहून निघणाऱ्या जीपा भरायच्या थांबलेल्या नाहीत. होळीला माणसं परततात, कारण होळी इथला सगळ्यात मोठा सण. पुन्हा जातात, लग्नसराईला येतात, आणि मिरगाच्या आत राब भाजून, बियाणं काढून घरी असतात. वर्षाचा हा फेरा इतका ठरलेला आहे की त्यावर दिनदर्शिका छापावी.

मला या कामासाठी बोलावलं ते पेठमधल्या काही शिक्षकांनी आणि शिकून परत आलेल्या तरुणांनी. बसस्थानकापासून चालत पोचता येईल अशी अर्धा एकर जागा त्यांच्या हाती येण्यासारखी होती. तिथे एक कलासंग्रहालय व्हावं, पण जुन्या वस्तूंचं कोठार नको, गावाला एकत्र बसायला जागा हवी आणि स्थलांतराचा अनुभव त्यात दिसायला हवा, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी नाशिकची. वीसेक वर्षं वास्तुरचनेचं काम करत होते, त्यात घरं बरीच, शाळा दोन. असं काम आयुष्यात एकदा येतं, हे मला कळलं होतं. मी फी घ्यायची नाही असं ठरवलं. त्या निर्णयाचा मला अभिमान वाटत होता, आणि आता दिसतं ते असं की फुकट काम करणाऱ्या माणसाला समोरचे प्रश्न विचारायला बिचकतात. माझ्या पुढच्या चुका इतके महिने कुणी बोलून दाखवल्या नाहीत, त्याला हेही एक कारण होतं.

पहिला आराखडा मी तीन आठवड्यांत काढला, पेठमध्ये एकही रात्र न राहता. डोक्यात पाहिलेली आणि वाचलेली संग्रहालयं होती. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय मी लहानपणापासून पाहत आले आहे. एका माणसाने मुलाच्या आठवणीसाठी अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यं गोळा केली आणि १९७५ साली ती सगळी राज्याला देऊन टाकली. भोपाळचं जनजातीय संग्रहालय २०१३ साली उघडलं. रेवती कामत यांची ती इमारत मी दोनदा पाहून आले होते. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड स्ट्रीटवरच्या ९७ क्रमांकाच्या चाळीबद्दल भरपूर वाचलं होतं. १८६३ साली बांधलेली ही भाड्याची इमारत. १९३५ पर्यंत तिथे वीसहून अधिक देशांतून आलेली सुमारे सात हजार माणसं राहून गेली, आणि १९८८ साली तिचं संग्रहालय झालं.

या तिन्हींमधून मी डोळ्यांना दिसलं तेवढंच घेतलं. केळकरांकडून कपाटं घेतली. भोपाळहून उंच छत आणि अंधारातून येणारा प्रकाश घेतला. ती दालनं आदिवासी कलावंतांनी महिनोन्‌महिने तिथे राहून स्वतःच्या हातांनी घडवली आहेत, ही त्यातली खरी गोष्ट मी टिपणवहीत लिहिली आणि आराखड्यातून सोडून दिली. ऑर्चर्ड स्ट्रीटवरून सोललेल्या रंगाची भिंत घेतली. तिथे पाहुण्याला एका घरात नेऊन एका कुटुंबाची कहाणी सांगतात, त्या कुटुंबाचं नाव, धंदा, भाडं सांगतात, हे मला माहीत होतं. माझ्या आराखड्यात एकाही कुटुंबाचं नाव नव्हतं. ‘स्थलांतरित’ हा एकच शब्द होता, मोठ्या अक्षरांत.

दर्शनी भिंतीवर मी वारली चित्रं काढायची योजना केली. तांदळाच्या पिठाची पांढरी माणसं, गेरूची पार्श्वभूमी, तारप्याभोवतीचा फेर. आदिवासी म्हटलं की नाशिक-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे हेच येतं. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी ही चित्रं जगभर नेली. पण मशे डहाणूकडचे, आणि लग्नाच्या चौकाची ही चित्रपरंपरा वारल्यांची. पेठमध्ये वारली आहेत, पण माझ्यापुढे बसलेल्या मंडळींतले बहुतेक कोकणा होते. त्यांच्या घरांत काशाच्या थाळीवर मेणाने कामटी उभी करून, तिच्यावरून बोटं ओढत रात्रभर कथा सांगणारे म्हातारे अजून होते. डोंगऱ्या देवाच्या दिवसांत पावरी वाजते. चैत्र-वैशाखात बोहाड्याची सोंगं नाचतात. यातलं मला काहीच भिंतीवर दिसत नव्हतं म्हणून आराखड्यातही आलं नाही. एका तरुण शिक्षकाने हळूच विचारलं, “मॅडम, ही चित्रं आमच्याकडे कोण काढणार?” मी म्हटलं, डहाणूहून कलावंत बोलावू. तो गप्प बसला, आणि मला वाटलं त्याला पटलं.

प्रवेशाशी लावायचा मजकूर मीच लिहिला होता. त्यात एक वाक्य असं होतं की हे लोक या डोंगरांत अनादी काळापासून एकाच जागी राहत आले, आणि आता पहिल्यांदा त्यांना घर सोडावं लागत आहे. प्रदर्शनाला आलेल्या पाच म्हाताऱ्यांपैकी एका बाबांनी नातीकडून तो फलक वाचून घेतला. मग माझ्याकडे आले. “बाई, आम्ही कोकणातून वर आलेलो. म्हणून तर कोकणा.” दुर्गादेवीच्या दुष्काळात कोकणातून माणसं अन्नासाठी या बाजूला आली, अशी कोकणा समाजात चालत आलेली सांगी आहे. तो दुष्काळ १३९६ ते १४०८ चा मानतात. ही नोंद इंग्रजांच्या काळातल्या ग्रंथांतही सापडते. म्हणजे ज्या समाजाने स्वतःच्या नावातच निघून येणं जपून ठेवलं आहे, त्याच्याबद्दल मी लिहिलं होतं की हे कधी हललेच नाहीत. फलक मी त्याच दुपारी उतरवला. बाबांना वाईट वाटलं. ते म्हणाले, लाकूड चांगलं होतं.

वस्तूंची गोष्ट याहून वाईट आहे. डिसेंबरात मी आणि दोन विद्यार्थी वाड्या-पाड्यांवर फिरून वस्तू जमवत होतो. निम्म्या घरांना कडी, उरलेल्या घरांत आजी-आजोबा आणि शाळेसाठी मागे ठेवलेली नातवंडं. एका आजीने आम्हाला एक जुनं डालं दिलं, इरलं दिलं आणि घरातलं जातं दिलं. आम्ही पैसे देत होतो, त्यांनी घेतले नाहीत. मला भरून आलं. जात्याला मी काचेच्या पेटीत ठेवलं, वर छोटा दिवा सोडला. होळीला आजीची सून बागेवरून परतली तेव्हा घरात जातं नव्हतं. पापडाची नागली ती त्याच जात्यावर दळत असे. ती शेजारणीकडे दळायला गेली आणि तिथे तिला कळलं की जातं कुठे आहे. ती भांडायला आली नाही. निरोप पाठवला की ताईंचं काम झालं असेल तर पाहा. आजीला त्या वस्तू द्यायचा हक्क होता का, हे मी विचारलं नव्हतं; घरातली वापरणारी माणसं घरी नसताना मी त्यांच्या घरात वस्तू निवडत फिरले होते. जातं मी स्वतः गाडीत घालून परत नेलं. सुनेने ते उतरवून घेतलं, खुंटा हलवून पाहिला आणि मला चहा दिला.

मुखवट्यांबद्दल थोडक्यात. बोहाड्याची सोंगं कायमची भिंतीवर लावायची मी ठरवली होती. ज्या घरात तो मान आहे तिथल्या कर्त्याने सांगितलं की सोंग बाहेर काढायचा दिवस असतो. मी ऐकलं. या एका बाबतीत तरी वेळेत ऐकलं.

आता ज्या चुकीबद्दल लिहिताना अजून हात थांबतो ती. गिरणाऱ्यातला मजूर बाजार नाशिकच्या लोकांनी पाहिलेला असतो. सकाळी उजाडायच्या सुमाराला रस्त्याच्या कडेला पेठ, हरसूल, सुरगाण्याकडच्या बाया-गडी टोळी टोळीने उभे राहतात, बागाइतदार पिकअप घेऊन येतात, रोजावर किंवा उक्तं बोलणं होतं आणि गाड्या भरून जातात. माझ्या एका छायाचित्रकार मित्राने तिथे फोटो काढले होते. फोटो फार चांगले होते. त्यातला एक मी सहा फूट रुंद छापून घेतला: थंडीत डोक्यावरून पदर ओढून उभी एक बाई, पायाशी बोचकं, मागे ट्रॅक्टरचा दिवा. तिची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती. मी तो फोटो प्रदर्शनाच्या शेवटच्या भिंतीवर एकटा लावला, आजूबाजूला काही नाही. पाहणाऱ्याच्या काळजात कालवाकालव व्हावी, असा माझा हेतू होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा आला. तो सरळ त्या भिंतीपर्यंत गेला आणि बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, फोटोने काम केलं. मग तो माझ्याकडे आला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, ती माझी आई आहे. उद्या माझ्या वर्गातली मुलं येणार आहेत.” एवढंच बोलला. आम्ही दोघांनी मिळून तो फोटो उतरवला. खिळे काढताना त्याने खाली फ्रेम धरली होती. त्याच्या आईला विचारावं, असं मला किंवा माझ्या मित्राला कधी वाटलं नव्हतं. चेहरा एका बाईचा आहे आणि तिला घर आहे, मुलगा आहे, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. तिच्या लाचारीकडे पाहून लोकांनी हळहळावं, एवढाच तिचा उपयोग मी केला होता.

त्या आठवड्यानंतर मी काम सोडायचं ठरवलं. मंडळींना तसं सांगायला गेले तेव्हा ज्या शिक्षकाने चित्रांचा प्रश्न विचारला होता तो म्हणाला, सोडू नका, पण आधी गिरणाऱ्याला या. फेब्रुवारीत एका पहाटे मी त्याच्यासोबत गेले. वही नेली नाही. त्याच्या गावची टोळी एका बागेत उतरली होती, संध्याकाळी आम्ही तिथे गेलो. बागेच्या बांधाला प्लास्टिकच्या कागदाची पालं, तीन दगडांच्या चुली, तारेला टांगलेले कपडे. ती बाई तिथेच होती. मुलाने तिला सगळं सांगितलेलं होतं. मी माफी मागितली. ती चुलीपाशी बसून होती, मला बसायला गोणी टाकली आणि म्हणाली, “फोटोला ना नाही ताई. पण विचारलं असतं तर कात्री घेऊन उभी राहिले असते.”

कात्री म्हणजे विरळणीची. ती स्वतःची कात्री बाळगते. द्राक्षाचा घड बारीक मण्यांचा असतो तेव्हाच त्यातले जादा मणी काढावे लागतात, नाहीतर उरलेले फुगत नाहीत आणि दाटीने कुजतात. कोणते ठेवायचे, कोणते कापायचे, घडाची बोटं कशी मोकळी करायची, हे ती टोळीतल्या नव्या पोरींना शिकवते. परदेशी जाणाऱ्या मालाला मण्यांचा आकार सारखा लागतो, आणि तो तिच्या बोटांतून येतो. त्या संध्याकाळी तिने माचिसच्या काड्यांनी मला एक घड करून दाखवला. मी नाशिकची असून, आयुष्यभर द्राक्षं खाऊन, हे पहिल्यांदा शिकले. माझ्या प्रदर्शनात स्थलांतराचं दुःख होतं. कारागिरीला तिथे जागाच नव्हती.

नाशिकला परतल्यावर मी जुने कागद बाहेर काढले. जागेची पाहणी करायला पहिल्या दिवशी गेले होते तेव्हाचे फोटो संगणकात होते. आराखड्यासोबत जोडलेल्या फोटोत मोकळी जागा, एक आंब्याचं झाड आणि मागे डोंगर. मूळ फोटो उघडला तेव्हा डाव्या कडेला माणसं दिसली. झाडाच्या सावलीत, रस्त्याला लागून, अकरा माणसं बसलेली. बायका, पोरं, बोचकी, एक कोंबडी डालात. जीपची वाट पाहत होती. जागा मोकळी दिसावी म्हणून फोटो मीच कापला होता. आराखड्यात ती बसली होती नेमक्या त्याच रेषेवर मी कुंपणाची भिंत घेतली होती आणि तिच्यात तिकीटखिडकी. जगायला जाणाऱ्यांचं संग्रहालय बांधायला निघाले होते, आणि जगायला निघालेल्यांनी जिथे बसायचं ती जागा त्यांच्याकडून काढून घेत होते.

दुसरा आराखडा करायला मी दीड वर्ष घेतलं. मधल्या काळात तेजगढला जाऊन आले. गुजरातमध्ये छोटा उदेपूरजवळ गणेश देवींनी आदिवासी अकादमी उभी केली, तिथल्या संग्रहालयाचं नाव ‘वाचा’ आहे. धारावीत २०१६ साली चाकांच्या गाडीवरचं एक संग्रहालय गल्लीबोळांत फिरवलं गेलं होतं, कुंभारांची, शिलाईवाल्यांची कामं घेऊन, त्याबद्दल वाचलं. पण या वेळी आधी पेठच्या लोकांनी काय हवं ते सांगितलं आणि मग मी पेन्सिल हातात घेतली. मागण्या साध्या होत्या. रस्त्याच्या बाजूला लांब ओटा, वर रुंद पाखं, कारण पाऊस पश्चिमेकडून तिरका येतो आणि माझ्या पहिल्या आराखड्यातली काचेची भिंत नेमकी पश्चिमेला होती. ओट्यावर बोचकं टेकवता येईल एवढी उंची. पिण्याचं पाणी. बायकांसाठी न्हाणी. कुंपण नको. थाळीवरची कथा ऐकायला रात्री उघडी राहील अशी एक खोली, शेणाने सारवलेली, कारण फरशीवर रात्रभर बसवत नाही. वस्तू ज्याच्या त्याच्या घरी राहतील आणि होळीच्या आठवड्यात घरवाले स्वतः आणून मांडतील. दिवाळी ते होळी दालन पेठमध्ये बंद राहील आणि एक ट्रंक गिरणाऱ्याला जाईल. एका बाईने विचारलं की पोरांचे दाखले आणि रेशनकार्ड ठेवायला कुलपाचे कप्पे मिळतील का, कारण पालात कागद भिजतात. मला आधी वाटलं, हे संग्रहालयाचं काम नव्हे. मग ते कप्पे मी आराखड्यात मधोमध घेतले.

इमारत अजून झालेली नाही. जागेचे कागद अडले आहेत आणि पैशांचं जमलेलं नाही. आंब्याखाली तरुणांनी दगड रचून ओटा तेवढा बांधला आहे, तो भरलेला असतो.

होळीला मी दर वर्षी जाते. पहिल्या वर्षी गेले तेव्हा त्या बाईला म्हटलं होतं की तुमचं बोचकं मला मोजून काढायचं आहे, प्रत्येक वस्तूची जागा आणि माप. तिला नवल वाटलं, पण तिने अंगणात कांबळं अंथरलं आणि दिवाळीनंतर जाताना बांधते तसं सगळं पुन्हा लावून दाखवलं. सगळ्यात वर प्लास्टिकचा कागद, कारण पोचल्या पोचल्या आधी पाल ठोकायचं. त्याखाली माचिस, तवा, पातेलं. मग तांदूळ आणि नागलीचं पीठ. मग गोधड्या, दोन गोधड्यांच्या मध्ये पोराची वह्या-पुस्तकं, म्हणजे कोपरे मोडत नाहीत. कात्री फडक्यात गुंडाळून, बाजूला. एकेक वस्तू ती उचलून द्यायची, मी मोजून लिहायचे.

तळाशी एक रिकामी गोणी होती, चार घड्या घालून सपाट केलेली. मी ती बाजूला ठेवली, आवरण असेल म्हणून.

“ती पण लिहा ताई,” ती म्हणाली. “येताना भरून आणायची असते.”